खोलीतला तिसरा माणूस

पत्राचा गोषवारा (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत):

पत्रलेखिका अडतीस वर्षांच्या आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांचे वडील गेले. तेव्हापासून झोप तुटक, चिडचिड फार, आणि धाकट्या बहिणीशी बोलणं जवळपास बंद. तीन महिन्यांपूर्वी मनाचा हिय्या करून त्यांनी थेरपी सुरू केली. आजवर सात सेशन झाली. तक्रार अशी, की थेरपिस्ट बाई फारसं बोलत नाहीत. दर वेळी ‘मधले दिवस कसे गेले?’ एवढंच विचारून सुरुवात करतात आणि झोपेची नोंदवही ठेवायला सांगतात. एकदा शेवटच्या पाच मिनिटांत यांना रडू फुटलं, तर ‘आज आपल्याला इथे थांबावं लागेल’ म्हणाल्या. सोशल मीडियावर पाठवलेली फ्रेंड रिक्वेस्टही त्यांनी घेतली नाही. ‘वडिलांबद्दल माझ्या आत काहीतरी खोल दडलंय असं मला वाटतं, पण त्या ते उकरतच नाहीत,’ असं पत्रलेखिका लिहितात. त्यांनी ‘द सोप्रानोज’, ‘इन ट्रीटमेंट’ आणि ‘श्रिंकिंग’ या थेरपी दाखवणाऱ्या तिन्ही मालिका पाहिल्या आहेत, एक तर दोनदा. तिथे घडतं त्यातलं इथे काहीच घडत नाही. नवरा म्हणतो, एवढं तर मीही ऐकून घेतलं असतं, आणि फुकट. ‘मागच्या दोन सेशनच्या आधी काय बोलायचं याची मी आरशासमोर तालीम केली. कुठे थांबायचं तेसुद्धा ठरवलं. तरी काही झालं नाही.’ त्यांचा प्रश्न: थेरपिस्ट बदलू, की थेरपीच सोडून देऊ? आणि ता. क.: या मालिका बघणं बंद करावं का?

उत्तर:

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात लक्ष तक्रारींकडे होतं. दुसऱ्या वाचनात मी एका वाक्यापाशी अडले, जे तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय: आरशासमोरची तालीम. बाकी सगळं पत्र तुमच्या थेरपिस्टबद्दल आहे, हे एक वाक्य तेवढं तुमच्याबद्दल. म्हणून मी तिथूनच सुरू करते. घड्याळ आणि नोंदवही थोडा वेळ थांबू शकतात.

आधी एक कबुली. मी समुपदेशनाचं काम करते आणि या मालिका मीही बघते, चवीने बघते. घरी मला त्या बघताना बोलायची बंदी आहे. पडद्यावरचा थेरपिस्ट आपल्या खुर्चीवरून उठून पेशंटच्या शेजारी जाऊन बसला की माझ्या तोंडून ‘अहो, अहो!’ असं निघतं आणि सगळ्यांचा रसभंग होतो. तेव्हा ‘टीव्हीवरचं कुठे खरं असतं?’ असं म्हणून मी तुमची बोळवण करणार नाही. तुमच्यासारखी कितीतरी माणसं एखादी मालिका बघूनच पहिल्यांदा थेरपीचं दार ठोठावतात. ‘असं कुणाशी तरी बोलता येतं’ हे त्यांना तिथेच कळलेलं असतं. हे उपकार मी नाकारत नाही.

पण पडद्यावरच्या त्या खोलीत एक गोष्ट असते, जी तुमच्या थेरपिस्टच्या खोलीत नाही. तिथे माणसं तीन असतात. एक पेशंट, एक थेरपिस्ट आणि तिसरे आपण, इकडे सोफ्यावर पाय दुमडून बसलेले. पेशंट बोलतो ते आपल्याला कळावं म्हणून, आणि गप्प बसतो तो आपल्याला चटका लागावा म्हणून. पटकथा लिहिणाऱ्यांचा एक जुना दंडक आहे: प्रवेश संपताना काहीतरी बदललेलं हवं, नाहीतर तो प्रवेश कापा. खऱ्या सेशनला हा दंडक लागू नाही. तिथे पन्नास मिनिटं नुसती झोपेबद्दल बोलण्यात जाऊ शकतात, आणि ती वाया गेलेली नसतात.

तालीम करून गेलात तेव्हा तुम्ही त्या तिसऱ्या माणसाला सोबत घेऊन गेलात. थेरपिस्ट तुमच्याशी बोलत होत्या, तुम्ही मात्र त्याच्यासाठी बोलत होतात. ‘काही झालं नाही’ हा शेराही मला त्याचाच वाटतो. प्रेक्षक म्हणून त्याचं बरोबरच आहे, त्याच्या दृष्टीने खरंच काही झालं नाही.

यात लाजण्यासारखं काही नाही, बरं का. आपलं दुःख पुरेसं मोठं दिसेल ना, ही धाकधूक थेरपीला येणाऱ्या कित्येकांच्या मनात असते. डॉक्टरकडे पोचेपर्यंत ताप उतरला तर माणूस खजील होतो, तसंच हे. समोरची व्यक्ती वेळ देतेय, आपण पैसे मोजतोय, मग काहीतरी दाखवण्याजोगं न्यायला हवं, असं वाटतं. तुमच्या बाबतीत मला आणखी एक शंका येते. शंकाच आहे, निदान नव्हे. वडील गेल्यापासून घरात तुम्ही कोणासमोर कशा दिसायचं हे सतत ठरवत आला असाल का? बहिणीसमोर खंबीर, नवऱ्यासमोर ठीक, ऑफिसात पूर्वीसारखी? तसं असेल, तर आरशासमोरची तालीम मालिकांनी शिकवलेली नाही. त्यांनी फक्त संवाद पुरवले.

आता तुमच्या मनातल्या त्या मोठ्या क्षणाकडे येऊ. रडू फुटतं, अर्थ उलगडतो, माणूस मोकळा होतो. ‘द सोप्रानोज’ तुम्ही पाहिली आहे, तेव्हा तिचंच उदाहरण घेते. जानेवारी १९९९मधला तो पहिला एपिसोड आठवा. गुन्हेगारी टोळीचा म्होरक्या टोनी. त्याच्या पोहण्याच्या तलावात बदकांचं कुटुंब मुक्कामाला आलेलं असतं. ते उडून जातं आणि हा धिप्पाड माणूस कोसळतो. तपासण्यांत शारीरिक काही सापडत नाही, म्हणून त्याची रवानगी मानसोपचारतज्ज्ञ डॉ. मेल्फीकडे होते. तिथे बदकांबद्दल बोलता बोलता त्याचे डोळे भरतात आणि त्याचं त्यालाच उमगतं, की भीती आहे ती आपलं कुटुंब गमावण्याची. खरं सांगा, तुम्हाला हवाय तो हाच क्षण ना?

मग पुढचं बघा. हा क्षण मालिकेच्या पहिल्याच एपिसोडमध्ये येऊन जातो. त्यानंतर आणखी ८५ एपिसोड आहेत, मालिका २००७पर्यंत चालली. त्या सगळ्या काळात टोनी येतो, बोलतो, रागावून निघून जातो, परत येतो, आणि माणसं मारणं काही थांबवत नाही. बदकांचा अर्थ कळला, माणूस जवळजवळ तोच राहिला. शेवटून दुसऱ्या एपिसोडमध्ये तर मेल्फी त्याच्यावरचे उपचारच बंद करते. अशा प्रवृत्तीच्या माणसांना थेरपी सुधारण्याऐवजी आणखी बेरकी बनवते, असं सांगणारं संशोधन तिने वाचलेलं असतं. म्हणजे थेरपी दाखवणाऱ्या सर्वांत गाजलेल्या मालिकेचं म्हणणंच हे आहे, की कळणं आणि वळणं यांत पुष्कळ अंतर असतं. आपण मात्र बदकं लक्षात ठेवतो आणि ते अंतर विसरतो.

गंमत म्हणजे ही खोड टीव्हीच्या पुष्कळ आधीची आहे. योझेफ ब्रॉयर आणि सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९५ साली हिस्टेरियावरचं पुस्तक प्रसिद्ध केलं, त्यात ब्रॉयरची पेशंट असलेल्या ‘ॲना ओ.’ या तरुणीची हकिगत आहे. एकेक लक्षण घ्यायचं, ते पहिल्यांदा कधी उद्भवलं हे तिने सांगायचं, आणि सांगून झालं की लक्षण गायब. ‘बोलण्याचा उपचार’ हे नाव तिनेच दिलेलं. विनोदाने ती त्याला ‘धुराडं साफ करणं’ही म्हणायची. वाचताना वाटतं, बाई बरी झाली, पडदा पडला. प्रत्यक्षात १८८२मध्ये ब्रॉयरचे उपचार थांबल्यावर तिला पुढची काही वर्षं अधूनमधून सॅनेटोरियममध्ये राहावं लागलं. बेर्था पाप्पेनहाइम हे तिचं खरं नाव. ती सावरली, पण ते नंतर, हळूहळू. पुढे ती स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करणारी मोठी सामाजिक कार्यकर्ती झाली, आणि १९०४ साली जर्मनीत ज्यू स्त्रियांची संघटना उभारण्यात तिचा पुढाकार होता. सांगायचं ते इतकंच, की थेरपीची अगदी पहिली गोष्टसुद्धा लिहिताना संकलित झाली होती. कंटाळवाणा भाग तेव्हाही कापला गेला.

त्यातूनच तुमचा दुसरा समज येतो: आत काहीतरी दडलंय आणि थेरपिस्टने ते उकरून काढायला हवं. मालिकांना हे फार आवडतं, कारण मग थेरपी म्हणजे रहस्यकथा होते आणि थेरपिस्ट म्हणजे गुप्तहेर. शेवटच्या दहा मिनिटांत बंद कपाट, जुना फोटो, विसरलेला प्रसंग. तुमच्या थेरपिस्ट उकरत नाहीत याबद्दल मी त्यांची बाजू घेणार आहे. १९९५ साली मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. २४ जणांना त्यांच्या लहानपणीचे चार प्रसंग सांगितले. तीन खरे, नातेवाइकांकडून मिळवलेले. चौथा बनावट: लहान असताना तुम्ही एका मोठ्या बाजारसंकुलात हरवला होतात. सुमारे पाव लोकांना हा न घडलेला प्रसंग पूर्ण किंवा थोडाफार ‘आठवला’. काहींनी तर त्यात आपल्याकडून तपशीलही भरले. जाणत्या व्यक्तीने विश्वासाच्या खोलीत, ‘नीट आठवून बघा, काहीतरी नक्कीच घडलं असणार’ असं वारंवार म्हटलं, तर काय होऊ शकतं याची कल्पना करा. तुमच्या मनात वडिलांबद्दल काही असेल, तर ते तुमच्या गतीने, तुमच्या शब्दांत येऊ देणं हा आळस नाही, ती सावधगिरी आहे. आणि दडलेलं काहीच नसेल, ही शक्यताही जवळ ठेवा. वडील गेले, आणि ते तुम्हाला हवे होते. एवढं कारण झोप उडायला पुरतं.

आता घड्याळ. पत्रात याच गोष्टीने तुम्ही सर्वांत जास्त दुखावलेल्या दिसता आणि ते मला समजतं. रडणाऱ्या माणसाला वेळ संपली म्हणून सांगणं ऐकायला निष्ठुर वाटतंच. पडद्यावर अशा वेळी थेरपिस्ट पुढचा पेशंट बाहेर बसवून ठेवतो, हात हातात घेतो, किंवा दृश्यच तिथे कापलं जातं आणि निरोपाचा अवघडलेपणा आपल्याला बघावा लागत नाही.

आमच्या व्यवसायात एक निरीक्षण फार जुनं आहे: दाराच्या मुठीवर हात गेला की माणसं खरं बोलतात. पंचेचाळीस मिनिटं हवापाण्याच्या गप्पा, आणि उठता उठता, ‘हो, एक सांगायचं राहिलं.’ हे मुद्दाम होतं असं नाही. वेळ संपत आलेली असते म्हणूनच बोलण्याचं धाडस होतं, कारण आता त्यावर फार बोलावं लागणार नाही. तुमचं रडू नेमकं शेवटच्या पाच मिनिटांत आलं, याकडे तुम्ही स्वतः बघितलंय का? थेरपिस्टनी तिथे अर्धा तास वाढवून दिला असता तर त्या दिवशी बरं वाटलं असतं. पण मग पुढच्या वेळी पहिली पंचेचाळीस मिनिटं कशाला वापरायची, असा प्रश्न तुमच्या मनाला पडला असता, तुमच्या नकळत. शिवाय ठरलेला शेवट म्हणजे झाकण आहे. उघडलेलं मिटवून, तोंड धुऊन, गाडी चालवत घरी जाण्याइतकं सावरायला ते लागतं. एक गोष्ट मात्र मी तुमच्या थेरपिस्टच्या पदरात टाकणार नाही: पुढच्या सेशनला त्यांनी त्या रडण्याचा विषय आपणहून काढला का? पत्रात याचा उल्लेख नाही. काढला नसेल, तर तुमची तक्रार रास्त आहे. घड्याळ पाळणं ठीक, पण जिथे थांबलो ती जागाही आठवायला हवी.

फ्रेंड रिक्वेस्टबद्दल फार लिहीत नाही. ती नाकारली हे त्यांच्या कामाचा भाग म्हणून घ्या, तुमच्यावरचा शेरा म्हणून घेऊ नका. फक्त त्यांनी ती न बोलता तशीच पडू दिली, की तुमच्याशी त्याबद्दल बोलल्या, यात फरक आहे. बोलायला हवं होतं.

मर्यादांचा मुद्दा मात्र थोडा उलगडते, कारण मालिकांनी सगळ्यांत जास्त गोंधळ इथे घातला आहे. ‘श्रिंकिंग’मधला थेरपिस्ट जिमी लोभस माणूस आहे, मलाही आवडतो. बायको गेल्याच्या दुःखात तो पेशंटना थेट काय करायचं ते सांगायला लागतो, एकाला स्वतःच्या घरी राहायला आणतो. (पहिला सीझन कुणा वाचकाचा बघायचा राहिला असेल, तर त्यांनी हा परिच्छेद इथेच सोडावा.) पण सीझन संपताना काय होतं ते आठवा. ज्या ग्रेस नावाच्या पेशंटला तो नवऱ्याला सोड म्हणून दामटतो, ती अखेर त्या नवऱ्याला कड्यावरून ढकलते. लेखकांना ठाऊक आहे, जिमी करतोय ते धोक्याचं आहे. म्हणून तर त्याचा ज्येष्ठ सहकारी पॉल सतत डोळे वटारत असतो. आपण हसतो जिमीबरोबर आणि मनात म्हणतो, ‘आपल्यालाही असा हवा होता.’

‘इन ट्रीटमेंट’चंही तसंच. मूळची इस्रायली मालिका, ‘बेटिपूल’, २००५ची. अमेरिकन रूप २००८मध्ये आलं. आठवड्यातून पाच एपिसोड, चार दिवस पेशंट आणि पाचव्या दिवशी थेरपिस्ट पॉल (हा पॉल वेगळा) स्वतः जीना या ज्येष्ठ थेरपिस्टसमोर बसतो, ही रचना मला फार आवडते. थेरपिस्टलाही कुणीतरी जाब विचारणारं लागतं, ही खरी गोष्ट इतक्या ठसठशीतपणे क्वचितच दाखवली गेली आहे. आम्ही त्याला सुपरव्हिजन म्हणतो. तुमच्या थेरपिस्टही अशा कुणाकडे जातात का, हे तुम्ही त्यांना बेधडक विचारू शकता. पण त्या मालिकेत प्रेक्षक खिळून राहतो तो पेशंट लॉरा पॉलच्या प्रेमात असते आणि पॉलही तिच्यात गुंतत जातो म्हणून. पेशंटला थेरपिस्टबद्दल ओढ वाटणं, राग येणं, तो आपल्या आईसारखा किंवा वडिलांसारखा वाटणं, हे अगदी घडतं. त्याला ट्रान्सफरन्स म्हणतात आणि त्यावर बोलणं हा उपचाराचाच भाग असतो. थेरपिस्टने त्यावर पाऊल उचललं की उपचार संपला. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या आचारसंहितेत चालू क्लायंटशी शरीरसंबंधांना पूर्ण मनाई आहे. थेरपी संपल्यावरही किमान दोन वर्षं ती मनाई लागू असते, आणि त्यानंतरही अगदी अपवादात्मक परिस्थिती असल्याशिवाय नाहीच. तरी पडद्यावर हे प्रेमकथा म्हणून खपतं. आयर्विंग श्नायडर नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने १९८७ साली सिनेमातल्या आपल्या व्यवसायबंधूंचे तीन साचे सांगितले होते: विक्षिप्त डॉक्टर डिपी, दुष्ट डॉक्टर ईव्हिल आणि अद्‍भुत डॉक्टर वंडरफुल. डॉक्टर डिपी हे नाव १९०६च्या एका मूकपटातलं. या तिघांत मला सर्वांत जास्त धास्ती तिसऱ्याची वाटते. त्याला सगळ्यांसाठी वेळ असतो, तो रात्री-अपरात्री फोन घेतो, आणि त्याच्यापुढे तुमची खरी थेरपिस्ट कायम फिकी पडते.

नवऱ्याचं म्हणणं थोडक्यात निकालात काढते. त्याने ऐकलं असतं यात शंका नाही, आणि त्याने ऐकावंच. पण तुम्ही रडलात तर त्याला त्रास होईल आणि तुम्ही त्याच्यावर चिडलात तर संध्याकाळ खराब होईल, हे मनात धरूनच तुम्ही त्याच्याशी बोलणार. थेरपिस्टपुढे ते ओझं नसतं. त्यासाठीच तर तिला तुमच्या फ्रेंड लिस्टमध्ये यायचं नसतं.

आता तुमचा प्रश्न: बदलू की सोडू?

सात सेशन कमी की जास्त? मानसशास्त्रज्ञ केनेथ हॉवर्ड आणि सहकाऱ्यांनी १९८६मध्ये आधीच्या बऱ्याच अभ्यासांची एकत्र मांडणी केली. तीत आठ सेशनपर्यंत सुमारे निम्म्या लोकांमध्ये मोजता येईल अशी सुधारणा दिसली, तर २६ सेशनपर्यंत सुमारे ७५ टक्के लोकांमध्ये. म्हणजे सातव्या सेशनला फरक जाणवत नसेल तर तुम्ही अपवाद नाही, निम्म्या जगाबरोबर आहात. पण त्याच आकड्यांचा दुसरा अर्थ असा, की निम्म्यांना एव्हाना काहीतरी जाणवू लागलेलं असतं. म्हणून ‘वाट बघा, होईल’ एवढंच सांगून मी थांबणार नाही.

आठव्या सेशनला जा आणि तालीम न करता जा. पहिल्या पाच मिनिटांत हे सांगा, शेवटच्या नव्हे. शब्द सुचत नसतील तर माझे घ्या: ‘मागची दोन सेशन मी घरून पाठ करून आले होते. मला वाटतं मी इथे नाटक करते. आणि त्या दिवशी मी रडत असताना तुम्ही थांबवलंत, त्याचं मला वाईट वाटलं.’ एवढंच. कागदावर लिहून वाचून दाखवलंत तरी चालेल, चिठ्ठी वाचणं म्हणजे तालीम नव्हे. सात सेशनमध्ये बोललं नाही इतकं महत्त्वाचं या तीन वाक्यांत आहे, असं माझं मत आहे.

त्यावर त्या काय करतात ते बघा. थेरपी उपयोगी पडते की नाही हे पद्धतीइतकंच दोघांमधल्या नात्यावर ठरतं, हे बऱ्याच संशोधनातून दिसलेलं आहे. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बोर्डिन यांनी १९७९मध्ये या नात्याचे तीन धागे सांगितले: कुठे पोचायचं यावर सहमती, त्यासाठी काय करायचं यावर सहमती, आणि परस्परांतला विश्वास. तुमच्या पत्रात मला तिन्ही धागे सैल दिसतात, पण तुटलेला एकही नाही. झोपेची नोंदवही कशासाठी हे तुम्हाला माहीत नाही, म्हणून ती शाळेच्या गृहपाठासारखी वाटते. विचारा. ‘माझ्यात फरक पडतोय हे आपल्याला कशावरून कळेल?’ हेही विचारा. चांगली थेरपिस्ट या प्रश्नांनी दुखावत नाही, उलट तिच्या खांद्यावरचा भार हलका होतो. नाराजी उघड बोलली गेली आणि दोघांनी मिळून ती निस्तरली, तर ते नातं आधीपेक्षा भक्कम होतं, असा आमचा सगळ्यांचा अनुभव आहे. बहिणीशी न झालेलं बोलणं आठवतंय ना? नाराजी मनात ठेवून हळूच दूर होणं ही तुमची जुनी वाट तर नाही? थेरपिस्टला न सांगता सोडलंत, तर तीच वाट पुन्हा चालाल.

त्यांनी ऐकून घेतलं, काही चुकलं असेल तर मान्य केलं, दिशा सांगितली, तर आणखी चारेक सेशन द्या आणि मग ठरवा. त्यांनी झटकून टाकलं, बचाव सुरू केला किंवा तुमचीच चूक काढली, तर बदला, निःसंकोच बदला. शक्य असेल तर निरोपाचं एक सेशन घेऊन. काही गोष्टी मात्र अशा आहेत, की त्या दिसल्या तर चार सेशनसुद्धा थांबू नका, तुम्ही आणि हे वाचणारं कुणीही. थेरपिस्ट स्वतःचीच कहाणी सांगत बसत असेल. दुसऱ्या क्लायंटची ओळख पटेल असं काही बोलत असेल. टोनीचं नाव मेल्फीचा सहकारी जेवणाच्या टेबलावर सर्वांसमोर फोडतो तो प्रसंग तुम्ही पाहिलाय, मला तो खुनांपेक्षा भयंकर वाटला होता. उसने पैसे, भेटवस्तू, बाहेर भेटण्याचे बेत, नको असलेला स्पर्श. ‘तुला फक्त मीच समजू शकतो’ हे वाक्य. मालिकेत यातलं बरंचसं मोहक वाटतं.

आणखी एक व्यावहारिक बाब. पडद्यावर थेरपिस्ट आणि मानसोपचारतज्ज्ञ यांची सरमिसळ होते. मेल्फी डॉक्टर आहे, ती गोळ्याही लिहून देते. तुमच्या थेरपिस्ट बहुधा देत नसतील. दोन वर्षं झोप तुटत असेल तर एकदा डॉक्टरांनाही दाखवा. ते थेरपीच्या विरोधात जात नाही, दोन्ही बरोबर चालतं. आणि कधी जगण्याचाच वीट येऊन नको ते विचार डोकावले, तर पुढच्या सेशनची वाट बघू नका. त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगा, आपत्कालीन सेवेला किंवा तुमच्या भागातल्या हेल्पलाइनला फोन करा.

राहिला ता. क. मालिका बंद कशाला करायच्या? बघा की. फक्त पुढच्या वेळी एक करून बघा. सेशनचं दृश्य कापून पुढचं दृश्य सुरू झालं की मनातल्या मनात पेशंटबरोबर बाहेर पडा. तो जिना उतरतो, गाडीची किल्ली शोधतो, घरी जातो, त्या रात्री झोपतो की नाही, दुसऱ्या दिवशी बहिणीला फोन करतो की नाही. ते कुणी चित्रित केलेलं नाही. तुमची नोंदवही त्याच भागाची आहे.

आणि आठव्या सेशननंतर मला कळवा, थेरपिस्ट काय म्हणाल्या ते. नुसतं ‘हं’ म्हणाल्या, तरी कळवा.